हातात तांदूळ धरून ऐकलेल्या गोष्टी

यंदा सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळ्याला आम्हाला घरातून निघायलाच उशीर झाला, त्यामुळं तळ्याच्या कडेकडेनं गर्दीतून वाट काढत शेवटी संमती कट्टा लांबून का होईना दिसेल अशी एक जागा मिळाली. मुलगा नववीत आहे, माझ्यापेक्षा उंच झालाय, त्याला सगळं नीट दिसत होतं आणि मी त्याच्या खांद्याआडून बघत होते. नंदीध्वजाच्या सातही काठ्या आल्या. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ती एवढी उंच काठी कमरेवर तोलून धरतात तेव्हा बघणाऱ्याचाही श्वास अडकतो, मी लहानपणापासून बघतेय तरी अडकतो. मग संमतीचं वाचन. ते कानडीत असतं, आमच्यासारख्या मराठी घरातल्या लोकांना त्यातले निम्मे शब्द कळत नाहीत, पण कुठं थांबायचं आणि कुठं हात वर करायचा ते अख्ख्या गावाला पाठ असतं. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" ऐकू आलं की चारी बाजूंनी अक्षतांचा पाऊस.

नेमकं तेवढ्यात हा मागं वळून म्हणतो, "आई, पण हे खरंच झालं होतं का गं? का नुसती मिथ आहे?"

मी म्हटलं, "आधी अक्षता टाक." त्यानं टाकल्या. पण तो 'नुसती' शब्द घरी येईपर्यंत आणि त्यानंतरही डोक्यातून गेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

जे सोलापूरचे नाहीत त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवयोगी, सोलापूरचं ग्रामदैवत. एक कुंभारकन्या रोज त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करायची, तिनं मनानं त्यांना वरलं. ते म्हणाले माझं सगळं शिवाला वाहिलेलं आहे, मी लग्न करू शकत नाही. ती हटेना. तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. ते लग्न दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास लागतं, आदल्या दिवशी शहराच्या चहूबाजूंच्या अडुसष्ट लिंगांना तेल लावून यायचं, मग लग्न, मग होम. नंदीध्वज म्हणजे तोच योगदंड. नऊशे वर्षांपूर्वीच्या लग्नाचं वऱ्हाड म्हणून लाखो माणसं नवे कपडे घालून येतात, आणि वधूपक्ष कोण आणि वरपक्ष कोण असं कुणी विचारत नाही.

आता 'मिथ'. मराठीत हा शब्द फार अडचणीचा झालाय. आपण मिथक म्हणतो आणि त्यात आपल्याला मिथ्या ऐकू येतं, त्यामुळं शब्द कानावर पडायच्या आधीच निकाल लागलेला असतो की हे खोटं. त्यात भर म्हणून आपल्याकडं 'भाकडकथा' आहे, 'पुराणातली वांगी पुराणात' आहे. पेपरात आरोग्याच्या पानावर सुद्धा "पाच मिथ्स आणि त्यामागचं सत्य" असली हेडिंग असते, मग पोरांनी तरी दुसरा काय अर्थ घ्यायचा. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळं खरं काय आणि पुरावा काय हे विचारणं ही माझी रोजची भाकरी आहे, मुलानं विचारलं त्याचा मला आनंदच झाला. फक्त प्रश्न चुकीच्या दारावर वाजवला असं वाटलं.

माझ्या आयुष्यातली पहिली सृष्टीकथा मी देवळात ऐकली नाही. पूर्व भागात आमचं भाड्याचं घर होतं, दोन्ही बाजूंना यंत्रमागाचे कारखाने आणि शेजारी पद्मशाली घर. त्या घरातल्या अम्मा दिवसभर दाराशी बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. रोजच्या हजार विड्या व्हायच्या तर मान वर करायला वेळ नसतो, पण तोंड रिकामं असायचं. मी शाळेतून आले की त्यांच्यापाशी बसायचे आणि त्या तेलुगू-मराठी मिसळून सांगायच्या. एकदा म्हणाल्या, आधी देवांना सुद्धा कपडे नव्हते. मला हे फारच भारी वाटलं, देवांना कपडे नव्हते! मग मार्कंडेय ऋषींनी यज्ञ केला आणि त्यातून भावनाऋषी प्रकट झाले, त्यांनी विष्णूच्या नाभीतल्या कमळाचे तंतू काढले, त्याचं सूत केलं आणि देवांसाठी पहिलं कापड विणलं. "म्हणून आम्ही पद्मशाली," असं म्हणून त्यांनी दातानं दोरा तोडला. पद्म म्हणजे कमळ. मला तेव्हा एवढंच कळलं होतं की आतल्या खोलीत त्यांचा मुलगा मागावर जे करतोय ते काम देवांच्या आधीचं आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघायचा, त्या दिवशी आमच्या गल्लीतले माग बंद. एरवी चोवीस तास खटखट, आणि त्या एका दिवशी इतकी शांतता की आम्हाला मराठी घरातल्यांना सुद्धा चुकल्यासारखं व्हायचं.

खूप वर्षांनी, डीएड झाल्यावर, मी जगभरातल्या असल्या कथा वाचायला लागले. एका वहीत टिपून ठेवायचे. आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मी दर वेळी अम्मांच्या सुपापाशीच येऊन बसतेय. कारण बहुतेक ठिकाणी जगाची सुरुवात कुणाच्या तरी हातातल्या कामापासून होते. इजिप्तमध्ये ख्नुम नावाचा मेंढ्याच्या डोक्याचा देव आहे, तो चक्क कुंभार आहे, चाकावर माती ठेवून माणसं घडवतो. नाईलच्या काठावर एस्नाला त्याचं मंदिर अजून उभं आहे. बायबलमध्ये देव मातीचा माणूस करून त्याच्या नाकपुडीत श्वास फुंकतो, आणि हिब्रूत माणूस आदाम तर जमीन आदामा, म्हणजे नावातच माती. ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांची कथा तर मला आपल्याच मुलखातली वाटते. तिथं देवांनी पहिल्यांदा मातीचा माणूस केला तर तो पाण्यात विरघळून गेला. मग लाकडाची माणसं केली, ती चालायची-बोलायची पण त्यांना काळीज नव्हतं, ती देवांना विसरली, तर त्यांच्याच घरातली भांडी, जाती आणि कुत्री त्यांच्यावर उठली, आजवर तुम्ही आम्हाला घासलंत, आता आमची पाळी म्हणून. आणि शेवटी पिवळ्या आणि पांढऱ्या मक्याच्या पिठापासून खरी माणसं झाली. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मला लगेच मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी डोळ्यासमोर आली. आमच्याकडं कुणी ही कथा रचली असती तर माणूस ज्वारीचाच झाला असता, यात मला काडीची शंका नाही. भाकरी थापताना पिठात कोमट पाणी घालून मळतो ना, तो गोळा हाताला कसा जिवंत लागतो ते ज्यानं मळलंय त्यालाच कळेल.

आणि विणकरांची पण एक कथा आहे, तिच्यापाशी मी जास्त थांबले. पश्चिम आफ्रिकेत माली देशात डोगोन लोक राहतात. १९४६ साली मार्सेल ग्रियोल नावाच्या फ्रेंच अभ्यासकाला ओगोतेमेली नावाच्या एका अंध म्हाताऱ्या शिकाऱ्यानं ३३ दिवस रोज बसून आपल्या लोकांची सृष्टीकथा सांगितली. त्यात नोम्मो नावाचा एक पाण्याचा जीव आहे. तो बोलतो तेव्हा त्याच्या दातांतून कापसाचे धागे बाहेर येतात आणि जीभ-जबडा हलेल तसं कापड विणलं जातं. म्हणजे बोलणं हेच विणणं. शब्द हा ताण्या-बाण्यात असतो. मागाच्या कप्पीच्या कुरकुरीला सुद्धा ते शब्दाचा आवाज मानतात. मी हे वाचून वही मिटली आणि कितीतरी वेळ गप्प बसले, कारण विड्या वळता वळता बोलणाऱ्या अम्मा, दातानं दोरा तोडणाऱ्या अम्मा, आणि आतून येणारा धोट्याचा आवाज, हे सगळं मला एकदम एकत्र दिसलं.

पण पुढची गोष्ट सांगितली नाही तर ते अर्धं राहील. नंतर वॉल्टर व्हॅन बीक नावाचा डच मानववंशशास्त्रज्ञ त्याच डोगोन लोकांत बरीच वर्षं काम करून आला, आणि १९९१ साली त्यानं लिहिलं की ग्रियोलनं नोंदवलेलं ते भव्य विश्व गावातल्या लोकांना माहीतच नाही. कदाचित विचारणारा आणि सांगणारा या दोघांच्या बैठकीतच ती गोष्ट मोठी होत गेली. मग ओगोतेमेलीची कथा मिथक म्हणायची का? अतिशय सुंदर आहे, खोल आहे, पण गावात तिच्यावर कुणाचं काही अडलेलं नाही. मला वाटतं ती एका मोठ्या माणसाची कविता आहे. आणि अम्मांची गोष्ट त्या मानानं साधी, पण तिच्यासाठी वर्षातून एक दिवस अख्ख्या पूर्व भागाचे माग थांबतात.

इथं मला काहीतरी धागा सापडला असं वाटलं. त्याआधी एक कडू गोष्ट.

चीनमध्ये न्यूवा नावाची देवी पिवळ्या मातीची माणसं करत बसते. एकेक हातानं घडवते. मग ती दमते, काम काही संपत नाही, तेव्हा ती एक दोर चिखलात बुडवून झटकते आणि जे थेंब उडतात त्यांची माणसं होतात. जुन्या नोंदीत पुढं सरळ म्हटलंय की हातानं घडवलेले ते श्रीमंत आणि खानदानी, आणि दोरावरून उडालेले ते गोरगरीब. वाचताना पोटात कसंतरी झालं, कारण आपल्याकडं पुरुषसूक्तात तेच आहे, मुखातून कोण आणि पायातून कोण. म्हणजे जगाची सुरुवात सांगता सांगता गोष्ट हळूच आजच्या पायऱ्या पण सांगून जाते आणि त्या पायऱ्या आपण चढवलेल्या नाहीत, पहिल्यापासूनच आहेत असं भासवते. सृष्टीकथांवर माझं प्रेम आहे, पण त्यांचं हे काम मला माफ करता येत नाही. आमच्या सोलापूरला तर शरणांचा, म्हणजे लिंगायत संतांचा वारसा आहे, बसवण्णा, अल्लमप्रभू आणि त्यांच्यात सामील झालेले आमचे सिद्धराम, त्यांनी बाराव्या शतकातच जन्मावरून माणूस मोजायला नकार दिला होता. म्हणून मी वर्गात हे दोन्ही शिकवते, न्यूवाची माती पण आणि दोर पण.

आणि याच्या बरोबर उलटी कथा सगळ्यात जुन्या कथांपैकी एक आहे, हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः वडिलांना फोन केला होता. बॅबिलोनियातलं अत्रहसिसचं काव्य, मातीच्या पाट्यांवर लिहिलेलं, इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातल्या प्रती सापडल्यात. त्याची सुरुवातच अशी की जेव्हा माणसांच्या जागी देवच राबत होते. माणूस अजून झालेला नाही, आणि लहान देवांना कालवे खणायला लावलंय, नद्या खणायला लावलंय, मोठे देव आरामात आहेत. शेवटी लहान देव वैतागतात, आपली फावडी आणि टोपल्या पेटवून देतात आणि मध्यरात्री एन्लिल नावाच्या मोठ्या देवाच्या वाड्याला वेढा घालतात. आतून निरोप येतो, तुमचा पुढारी कोण ते सांगा. तर ते म्हणतात, आमच्यातल्या प्रत्येकानं हे पुकारलंय.

वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी सहावीत होते, त्या आधीचे संप, गेटसभा हे सगळं घरात ऐकत वाढले. भोंगा वाजायचा थांबला तेव्हा आईला सकाळी किती वाजले तेच कळेना. मी फोनवर त्यांना ही देवांच्या संपाची गोष्ट सांगितली तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "मग तडजोड काय झाली?" मला ते फार आवडलं, त्यांनी हे किती हजार वर्षांपूर्वीचं वगैरे काही विचारलं नाही. मी सांगितलं की तडजोड म्हणून माणूस तयार केला. एका देवाला मारून त्याचं रक्त-मांस मातीत कालवलं आणि त्याचा माणूस केला, यापुढं हा राबेल म्हणून. आणि त्या मेलेल्या देवाची आठवण म्हणून माणसाच्या आत एक नगारा वाजत ठेवला. छातीवर हात ठेवला की ऐकू येतो तो. वडील म्हणाले, "म्हणजे संप देवांचा आणि बदली कामगार आपण." आणि मग, "पण रक्त पुढाऱ्याचं आहे ना आपल्यात, ते एक बरंय."

त्याच कथेत पुढं माणसं इतकी वाढतात आणि त्यांचा इतका गोंगाट होतो की एन्लिलला झोप येत नाही, म्हणून तो रोगराई, दुष्काळ आणि शेवटी पूर पाठवतो. जिला मागाची खटखट बंद झाल्यावर झोप लागत नाही अशा गल्लीत मी वाढले, त्यामुळं मी एन्लिलच्या बाजूनं कधीच असणार नाही.

आता तो धागा. बॅबिलोनमध्ये दुसरं एक सृष्टीकाव्य होतं, एनुमा एलिश. सात पाट्यांचं. गोडं पाणी अप्सू आणि खारं पाणी तियामत, दोघं एकमेकांत मिसळलेली, त्यातून देव होतात, भांडणं होतात, शेवटी मार्दुक तियामतला मारतो आणि सुकट माशासारखं तिचं शरीर उभं चिरून एका अर्ध्याचं आकाश करतो. हे काव्य बॅबिलोनच्या नववर्षाच्या उत्सवात, अकितूच्या चौथ्या दिवशी, मार्दुकच्या मूर्तीसमोर म्हटलं जायचं. तो महिना निसान, म्हणजे साधारण आपला पाडव्याचा सुमार. आणि आपल्याकडं सुद्धा चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच ब्रह्मदेवानं सृष्टी केली असं मानतात, पंचांग वाचताना आजोबा हे दरवर्षी सांगायचे. मग बॅबिलोन गेलं, म्हणणारे गेले, पाट्या निनवे शहराच्या ढिगाऱ्यात दोन हजारांहून जास्त वर्षं गाडल्या गेल्या आणि १८७६ साली जॉर्ज स्मिथ नावाच्या इंग्रज अभ्यासकानं लंडनमध्ये त्यांचा अनुवाद छापला. शब्द बहुतेक तेच राहिले. पण आज मी ते वाचते तेव्हा ते काव्य आहे, जुनी कथा आहे. जेव्हा मूर्तीसमोर उभं राहून म्हटलं जात होतं तेव्हा ते जे होतं, ते आता नाही.

हे मला समजायला बॅबिलोनला जायची खरं तर गरजच नव्हती, आजीची श्रावणातली कहाणी पुरेशी होती. आपल्या कहाण्या कशा सांगतात आठवा. आजी आधी सगळ्यांच्या हातात चार चार तांदळाचे दाणे द्यायची. मूठ मिटायची. "ऐका शुक्रवारा, तुमची कहाणी" असं कुणाला तरी उद्देशून सुरू व्हायचं, म्हणजे ऐकणारे आपण आहोतच, पण खरी ती ज्याची आहे त्याला ऐकवली जातेय. मधे उठायचं नाही. मूठ उघडायची नाही, घामानं दाणे तळव्याला चिकटायचे. गोष्टीत वसा असायचा, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. आणि "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" झालं की ते दाणे देवाला वाहायचे. तीच आजी रात्री झोपताना चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगायची, तेव्हा हातात काही नसायचं, आम्ही लोळत ऐकायचो आणि निम्म्यात झोपलो तरी चालायचं. कावळ्याचं घर शेणाचं की मेणाचं यावर आमचं काही अवलंबून नव्हतं.

माझ्यापुरता फरक एवढाच आहे. गोष्ट ऐकताना हात मोकळा असतो, मिथक ऐकताना मूठ बांधलेली असते. तिच्यात देव असायलाच पाहिजेत असं नाही, जुनी असायला पाहिजे असंही नाही. तिनं ऐकणाऱ्याला काहीतरी करायला दिलेलं असतं, आणि ते करणारे आहेत तोवर ती चालू असते.

यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे खरं-खोटं काही नाहीच?" तसं मुळीच नाही. आमच्या शहराच्या नावाचंच घ्या. सोळा गावं मिळून सोलापूर, हे आम्ही सगळे चौथीत शिकलो, त्या सोळा गावांची यादी पण आहे, त्यात अहमदपूर, फतेहपूर, राणापूर आहेत, आणि त्यातच एक सोलापूर आहे, म्हणजे सोळा गावं मिळून जे झालं ते आधीच त्यातलं एक होतं! शिलालेख वेगळं सांगतात. सिद्धरामांच्या काळात नाव सोन्नलगी होतं, यादवांच्या अखेरीपर्यंत तेच चाललं. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८ च्या लेखात सोनलीपूर येतं, किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर, आणि मधला न गळून सोलापूर झालं असावं. इथं मी शिलालेखाच्या बाजूनं आहे, वर्गात तसंच शिकवते, कारण 'नाव कुठून आलं' या प्रश्नाला पुरावा लागतो आणि तो आहे. सोळा गावांच्या गोष्टीसाठी कुणी उपास धरत नाही, कुणी मूठ मिटत नाही. ती चुकीची माहिती आहे, गोड आहे पण चुकीची. तिला मी मिथक म्हणणार नाही.

आणि १२ जानेवारी. १९३१ साली त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली, आदल्या वर्षी सोलापुरात मार्शल लॉ लागला होता त्या प्रकरणात. यातलं प्रत्येक अक्षर कागदोपत्री आहे. तरीही यात्रेच्या तोंडावर चार पुतळ्यांपाशी हार घेऊन उभी राहिलेली माणसं बघितली की वाटतं, हा इतिहास आहेच, पण या शहरानं त्याची मूठ पण बांधलेली आहे. चार नावं, चार वेगवेगळ्या घरांतली, आणि आम्ही ती नेहमी एका दमात घेतो.

सिद्धरामांची कथा मला या सगळ्यात सृष्टीकथाच वाटते, फक्त विश्वाची नाही, एका गावाची. गुरं राखणाऱ्या पोराकडं एक जंगम येतो, नाव मल्लय्या, खायला मागतो. पोरगं घरी पळतं, दहीभात घेऊन येतं तर जंगम नाही. "मल्लय्या, मल्लय्या" हाका मारत ते थेट श्रीशैलपर्यंत जातं, कड्यावरून उडी टाकायला निघतं, तेव्हा मल्लिकार्जुन भेटतो आणि म्हणतो, परत जा आणि तुझ्या गावाचं श्रीशैल कर. मग परत येऊन लिंगं स्थापली, तळं खोदलं. जगातल्या कितीतरी कथांत सुरुवातीला सगळीकडं पाणीच पाणी असतं आणि कुणीतरी त्यातून जमीन वर काढतं, संथाळांच्या कथेत तर गांडूळ तळाची माती आणून कासवाच्या पाठीवर ठेवतं. आमच्या या कोरड्या मुलखात ते उलटं होणारच. इथं जमीन होतीच, भरपूर होती, पाणी करावं लागलं. कुदळीनं.

राहिली ती कुंभारकन्या. तिच्याबद्दल न बोलता हे संपवलं तर मी माझ्या मुलाला अर्धं उत्तर दिलं असं होईल. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी होमप्रदीपन असतं, तिचं प्रतीक नटवतात आणि होमकुंडात अग्नीला देतात. ती सती गेली असं मानतात. लहानपणी मला ते ज्वाळांचं तेज आवडायचं, कळायला लागल्यावर आवडेनासं झालं, आणि मुलगी म्हणून, बाई म्हणून त्या कुंडापाशी उभं राहणं मला अवघडच जातं. तिला आम्ही नावानं सुद्धा ओळखत नाही, कुंभारकन्या एवढंच. ख्नुम चाकावर माणसं घडवतो आणि देव होतो, आणि ही कुंभाराची पोर, जिच्या हातांना मातीचा घाट माहीत असणार, तिच्या वाट्याला एक दंड आणि आग. पण मग मी असंही बघते की तिनं मागितलं. बाराव्या शतकातल्या एका पोरीनं एवढ्या मोठ्या योग्याला सरळ सांगितलं की मला तुझ्याशी लग्न करायचंय, त्याच्या नाही म्हणण्यावर ती थांबली नाही, आणि त्याला वाट काढावी लागली. आणि त्या कट्ट्याचं नाव संमती कट्टा आहे. कुणाची संमती, हे मी दरवर्षी मनात विचारते. दरवर्षी तिच्यासाठी मूठभर अक्षता नेते. हे दोन्ही मी एकाच वेळी करते, आणि त्यातलं एकही सोडावंसं वाटत नाही.

ऋग्वेदातलं नासदीय सूक्त सात ऋचांचं आहे, तेव्हा असत् नव्हतं आणि सत् पण नव्हतं इथून सुरू होतं आणि शेवटी म्हणतं, हे सगळं कुठून झालं ते परम आकाशातून बघणाराच जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल. मुलाला ते वाचून दाखवलं. "हे असं पुस्तकात चालतं?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तीनएक हजार वर्षं चाललंय. तो काहीच बोलला नाही, वही मागितली आणि मक्याच्या माणसांचं पान काढून वाचत बसला, भांडी उठतात तिथं हसला.

यात्रा संपली. नंदीध्वजांची वस्त्रं उतरवायची कप्पडकळी झाली, गड्ड्यावरचे, म्हणजे जत्रेतले पाळणे अजून फिरतायत, त्यांचा आवाज रात्री आमच्या गच्चीपर्यंत येतो. आज सकाळी कपडे धुवायला काढले. त्याची त्या दिवशीची पँट, मी सवयीनं खिसे उलटे केले, तर पाण्याच्या बादलीत तळाशी आठ-दहा तांदळाचे दाणे गेले. हळदीनं पिवळे झालेले. त्यानं सगळ्या टाकल्या नव्हत्या.

मी बाहेर जाऊन विचारलं, "अरे, अक्षता का ठेवल्यास?"

पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "परत म्हणतील असं वाटलं."